पट्टीवरचा हात

आमच्या पापडी गावाचं नवं पंपघर रस्त्यापासून इतकं आत, मुरमाड उंचवट्यावर का बांधलं, असं लोक मला अजून विचारतात. ती जागा मी निवडली. सांगताना आजही मान ताठ होते. पण खरं कारण फाइलीत नाही. ते तुम्हाला सांगते.

मी फ्लॉसी. इथलीच, पापडीची. शहराच्या बांधकाम खात्यात इंजिनिअर. पावसाचं साचलेलं पाणी उपसून खाडीत सोडणारं पंपघर कुठं बांधायचं, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. साहेबांच्या मनात रस्त्यालगतचा एक मोकळा प्लॉट होता. मे महिन्यातल्या दुपारी मी आणि आमचे खलाशी, म्हणजे मोजणीतले मदतनीस, दिनानाथकाका त्याची पातळी मोजायला गेलो. काकांनी आकड्यांची लांब पट्टी उभी धरायची, मी दुर्बिणीतून आकडा वाचायचा. रोजचंच काम.

ऊन असं, की पायाखाली गवत कडकड मोडत होतं. मी दुर्बिणीला डोळा लावला आणि... काकांच्या शेजारी एक म्हातारा दिसला. डोक्यावर लाल टोपी, आमचे जुने लोक घालायचे तशी. सदरा अंगाला चिकटलेला, निथळत होता. त्यानं पट्टीवर हात आडवा टेकवला होता. एक मीटर पस्तीसच्या खुणेवर. आणि बघत होता सरळ माझ्याकडे.

मी डोळा काढला. काका एकटेच उभे.

"काका, तुमच्या शेजारी कोण आहे?" मी ओरडून विचारलं.

"कोन नाय, ताई!"

काका दुसऱ्या जागी गेले. पुन्हा तोच म्हातारा. हात आता एक बासष्टवर. तिसऱ्या जागी एक दहावर. सगळं टाकून पळावंसं वाटत होतं. तरी मी पट्टीचा आकडा लिहिला आणि त्यापुढे त्या हाताचाही. का लिहिला, देव जाणे. भर उन्हात कुठून तरी बेडूक ओरडू लागले. चिखलाचा, कुजलेल्या शेवाळाचा वास आला.

नऊ ठिकाणं झाली. काका जवळ आले तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"ताई... पट्टी ओली कशी झाली? इथं तर थेंबभर पानी नाय..."

मी वही मिटली.

संध्याकाळी ऑफिसात आकडेमोड केली. प्लॉटची जमीन कुठं खोल होती, कुठं उंच. प्रत्येक ठिकाणच्या जमिनीच्या उंचीत हाताची उंची मिळवली आणि अंगावर काटा आला. नऊच्या नऊ उत्तरं एकच. इतकी सरळ पातळी फक्त साचलेलं पाणी धरतं.

"प्लॉट रस्त्याला लागून आहे, अडचण काय?" साहेबांनी विचारलं.

"सर, पूर आला की तिथं छातीभर पाणी होईल. मोटरीच बुडाल्या तर शहराचं पाणी कोण उपसणार?"

हाताची गोष्ट सांगितली नाही. सांगून कोण ऐकणार? त्याऐवजी दोन महिने घरोघर फिरले, जुन्या पुरांच्या खुणा मोजल्या, म्हाताऱ्यांना बोलतं केलं. तीन बैठकांत एकटी भांडले. शेवटी उंचवटा मंजूर झाला. मोटरींचा चौथरा मी त्या हाताच्याही वर घेतला.

दोन वर्षांनी जुलैत आभाळ फाटलं. तो प्लॉट तलाव झाला. पंपघर मात्र तीन दिवस, तीन रात्री धडधडत राहिलं. गावात एकाही घराचा उंबरा बुडाला नाही. चर्चबाहेर माझ्या शाळेतल्या प्रिन्सीटीचरनी सगळ्यांसमोर माझा हात धरला. "आमच्या पापडीची पोर!" म्हणाल्या. काका बाजूला उभे राहून डोळे पुसत होते.

पाणी ओसरल्यावर मी आणि काका त्या प्लॉटवर गेलो. कुंपणाच्या भिंतीवर पुराची चिखलरेषा उमटली होती. काकांनी पट्टी लावली, मी आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

पुराचं पाणी त्या हाताच्या दीड वीत खालीच थांबलं होतं.

म्हणजे त्यानं दाखवलेलं पाणी हे नव्हतं. ते अजून यायचं आहे.