शेवटची गाडी फाटक लावते

ज्यांना पटत नाही त्यांनी सोडून द्यावं. मी वाद घालणार नाही. आमच्या घरात जे झालं तेवढंच सांगते, त्यात पदरचं काही नाही.

रात्र नव्हती. रविवारची टळटळीत दुपार होती.

फोर-व्हील ड्राइव्हच्या गाड्या घेऊन रानातल्या कच्च्या वाटांवर जायचा आम्हा घरच्यांना जुना नाद. पुढे दादा आणि वहिनी. मधे मी, आमचे हे आणि आई. सगळ्यांत मागे बाबांची जीप. रानात गुरांसाठी जागोजागी लोखंडी फाटकं आहेत. नियम एकच. पहिली गाडी उघडते, शेवटची लावते.

शेवटचे कायम बाबा. ते डावखुरे. साखळी उलटी गुंडाळून आकडा खालून वर अडकवायचे.

"बाबांचं फाटक उघडायला बाबाच लागतात," दादा चिडवायचा.

मग वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज यायचा. "फाटक लावलं. निघा."

गेल्या वर्षी तेच ऐकून आम्ही निघालो, ओढा ओलांडला... आणि मागून पाण्याचा लोंढा आला.

जीप सापडली. बाबा सापडले नाहीत.

तेव्हापासून आई माझ्याकडे. रोज संध्याकाळी अंगणातल्या फाटकाकडे तोंड करून खुर्चीत बसायची. "ते मागून येतायत," म्हणायची आणि ताटाला हात लावायची नाही. मनगटं नुसती काडीसारखी झाली होती. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आमच्या हातात काही राहणार नाही.

म्हणून दादानं ठरवलं. तिला तिथेच न्यायचं. मागे कुणी नाही, हे तिला एकदा डोळ्यांनी बघू दे.

कीर्तनात बुवांचा आवाज जरा भिजला की माझे डोळे लगेच वाहतात. बाबांसाठी मात्र वर्षभरात एक टिपूस नाही. त्या दिवशीही गाडीत बसले ती दगडासारखी.

दादा फाटकं उघडत गेला. आम्ही मागून जात राहिलो. ह्यांनी एकदा आरशात बघितलं.

"मागे धूळ फार उडतेय," एवढंच म्हणाले.

ओढ्याकाठी डबे उघडले. ओढ्यात घोटाभर पाणी. आई गाडीतून उतरलीच नाही. मागच्या काचेतून वाटेकडे बघत होती.

वहिनीचा घास हातातच राहिला.

"भावजी, फाटकं लावलीत ना?"

"मी?" हे म्हणाले. "आम्ही तर मधली गाडी..."



इतक्या वर्षांची सवय. मधल्या गाडीनं कधी फाटक लावलंच नव्हतं.

"कमाल करता दाजी तुम्ही," दादा उठला. "लोकांची गुरं सुटून कुठच्या कुठे गेली असतील. चला, डबे झाका."

आम्ही मागे वळलो.

पहिलं फाटक दिसलं...

बंद होतं.

"कुणी गुराख्यानं लावलं असेल," वहिनी म्हणाली.

दादा साखळीला हात लावून नुसता उभा राहिला. मी उतरले. साखळी उलटी गुंडाळलेली. आकडा खालून वर.

पाणी ठिबकत होतं.

त्या उन्हात.

पुढचंही तसंच. त्याच्या पुढचंही. दादा सोडवत गेला, हे लावत गेले. मी देवाचं नाव घेत होते, पण ते ओठांच्या आत जात नव्हतं.

शेवटच्या फाटकातून बाहेर पडलो. हे लावायला उतरले, तशी आई बोलली.

"राहू दे. ते येतायत मागून."

दादा तिच्या खिडकीशी आला. त्याचा आवाज फाटला होता. "आई, बघ ना. कुणी नाहीये गं. रस्ता मोकळा आहे."

आईनं मान हलवली. शहाण्या माणसानं लहान मुलाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

डॅशबोर्डवरच्या वॉकीटॉकीत खर्र... झालं. कुणी बटण दाबून धरावं तसं.

मग बंद.

ह्यांनी फाटक लावलं. सरळ, आकडा वरून खाली. मी स्वतः बघितलं.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. पुढे दादाची गाडी आत आली, मागे आमची. आई उतरली. खुर्ची तिथेच होती... ती बसली नाही.

सरळ स्वयंपाकघरात गेली. "आले एकदाचे सगळे. ताटं घ्या," म्हणाली.

पोटभर जेवली. वर्षानं. दादा तिच्याकडे बघत मुकाट्यानं रडत होता. मला बरं वाटायला हवं होतं.

मी हात धुवायला अंगणात आले. फाटक बंद होतं.

"तुम्ही लावलंत?" मी ह्यांना विचारलं.

"मला वाटलं दादानं..."

दादाला विचारायची गरज नव्हती. त्याची गाडी पहिली होती.

मी जवळ गेले नाही. साखळीचं पाणी लांबूनही दिसत होतं.

आईची तब्येत आता छान आहे. डॉक्टर म्हणतात, त्या सहलीनं काम केलं. ती वाट बघत नाही. चहाचे दोन कप करते आणि दोन्ही रिकामे करून धुवायला टाकते. मी विचारत नाही.

संध्याकाळी फाटक लावायला आमच्याकडे कुणी जात नाही आता.

सकाळी उघडायला मात्र मला जावं लागतं.

साखळी रोज ओली असते.