सूप होतंय, बसा जरा

मी पेपरात लोकांच्या खाण्यापिण्याच्या शंकांना उत्तरं देते. हसू नका, पगारी काम आहे. रविवारच्या पुरवणीत माझं अर्धं पान असतं, आणि आठवड्यातली एक सकाळ माझ्या टेबलावरचा फोन वाचकांसाठी मोकळा ठेवलेला असतो. कुणी विचारतं, वडिलांना नवीन कवळी बसवलीय, मऊ ब्रेड कुठे मिळेल? कुणाला मुलीला मागणी घालायची असते, त्याला असं टेबल हवं असतं की शेजारच्यांना ऐकू जाणार नाही. एका गृहस्थांना अशी खानावळ हवी होती जिथे त्यांची बहीण चुकूनही येत नाही. मी सांगितली. नंतर कळलं, बहिणीलाही तीच खानावळ मीच सुचवली होती.

सांगायचा मुद्दा असा, की या शहरातलं हॉटेल मला ठाऊक नाही असं सहसा होत नाही. त्यामुळे त्या सकाळी फोन आला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले.

आवाज म्हाताऱ्या बाईंचा होता, पण खणखणीत.

“हिरव्या दाराचं हॉटेल आज उघडं आहे का हो?”

मी म्हटलं, “कुठलं, आजी?”

“बंद पडलेल्या थिएटरच्या मागे छपराची गल्ली आहे ना, तिच्या टोकाला. ह्यांना सूप आणायला पाठवलंय. अजून आले नाहीत. गर्दी असते का तिथे फार?”

ती छपराची गल्ली मला माहीत होती. तिथे हॉटेल असल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला तर गुदगुल्याच व्हायला लागल्या. आमच्या धंद्यात असं कधी घडत नाही. नवीन जागा सगळ्यांना एकदमच कळते, आणि जुनी तर कळलेलीच असते.

“सूप चांगलं असतं का त्यांचं?” मी विचारलं.

“उत्तम. माशांचं करतात, मिरी आणि लसूण घालून. माझी मुलगी तापाने फणफणली होती, तिला तेच हवं होतं. दुसरं काही तोंडात घेईना. म्हणून हे डबा घेऊन गेले.”

“आता कशी आहे मुलगी?”

“बरी आहे की. गेल्या वर्षी तिला नातू झाला.”

मी मनात वर्षं मोजली. मग आजी जरा हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही सगळीकडे जाता, पेपरात वाचते मी. तिकडे गेलात तर एवढं विचाराल का, की अजून किती वेळ लागेल?”

मी हो म्हटलं. त्यांनी पत्ता दिला. थिएटरच्या समोरच, शिंप्याच्या दुकानावर, लोखंडी जिन्याने वर.

आमच्या पुरवणीचे संपादक चाळीस वर्षं याच शहरात जेवलेत. ते म्हणाले, “गल्ली आहे. टोकाला भिंत आहे. बाईंचं वय झालंय, सोडून दे.” पण मी सोडणाऱ्यांतली नाही. आणि माझ्या सासूबाई तर माझ्याहून वरचढ. मी नवीन जागी निघाले की त्या आधीच चपला घालून दारात उभ्या. लोकांना वाटतं सून सासूला फिरवते. खरं म्हणजे त्या मला फिरवतात. चव बघतात त्या, लिहिते मी.

“माशांचं सूप?” त्या म्हणाल्या. “मग सकाळचं काही खायला नको. पोट मोकळं ठेवू.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही दोघी त्या गल्लीत शिरलो.

बाहेर लख्ख ऊन होतं. आत पत्र्याचं छप्पर, त्यावर वर्षानुवर्षांची धूळ आणि पाला, त्यामुळे उजेड गढूळ पाण्यासारखा. दोन्ही बाजूंना बंद शटर. एका चांभाराचं दुकान तेवढं उघडं, तोही मान खाली घालून चपलांचे तळ चिकटवत होता. त्याच्या गोंदाचा उग्र वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास, कुठेतरी सांडलेल्या रॉकेलचा वास. मी हे सगळं मुद्दाम सांगतेय, कारण मी नाकावर जगते. रस्त्यातून चालताना कुठल्या घरात काय शिजतंय हे मला आपोआप कळत असतं.

चांभाराच्या पुढे गल्ली किंचित वळते. वळलो, आणि वास गेले.

कमी झाले नाहीत, गेले. कुणीतरी नाकाला चिमटा लावावा तसे. मी थांबून माझ्याच पदराचा वास घेऊन बघितला. काही नाही. आमच्या पावलांचा आवाजही कापडावर चालल्यासारखा येत होता.

“आई, तुम्हाला सर्दी झालीय का?” मी विचारलं.

“नाही गं. का?”

“काही नाही…”

आणि समोर हिरवं दार होतं. खरंच होतं. त्याच्या काचेतून पिवळा, उबदार उजेड बाहेर पडत होता. सासूबाईंनी माझा दंड घट्ट दाबला. आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या एकमेकींकडे बघून हसलो. संपादकांचं तोंड कसं होईल ते मला आत्ताच दिसत होतं. पुढच्या रविवारचा मथळाही मनात तयार झाला होता.

आत गेलो. काय जागा होती, काय सांगू. नीटनेटकी लाकडी टेबलं, त्यांवर पांढरी स्वच्छ कापडं, भिंतीला टेकून बाकं, आणि सगळी टेबलं भरलेली. प्रत्येकासमोर वाफाळतं ताट. पांढरा एप्रन घातलेला एक वेटर अदबीने पुढे आला. दारालगतचं टेबल तेवढं रिकामं होतं. त्याने आम्हाला तिथे बसवलं, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत सासूबाईंसमोर सूपचं भांडं आणून ठेवलं.

“तुमचंही होतंय,” तो मला म्हणाला. “बसा जरा.”

मी ते सूप न्याहाळलं. वर तेलाचे सोनेरी ठिपके, मिरी, माशाचे पांढरे तुकडे. वाफ इतकी की माझा चष्मा धुरकटला. मी वाकून श्वास घेतला.

काहीच नाही. ना लसूण, ना मिरी, ना मासा. नुसती गरम हवा.

चष्मा पुसायला काढला तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. एवढी माणसं, आणि चमच्याचा एक आवाज नाही. कुणी चावत नव्हतं, कुणी फुंकर घालत नव्हतं, कुणी पाणी पीत नव्हतं. हळू आवाजात कुजबुज चालली होती तेवढीच. मी कान दिला. शेजारच्या टेबलावरची बाई समोरच्या माणसाला सांगत होती, “होईलच आता.” पलीकडचा म्हणत होता, “होईलच आता.” सगळ्या खोलीत तेच… आणि प्रत्येकजण ताटाकडे न बघता आतल्या काउंटरकडे बघत होता.

काउंटरपाशी एक तरुण उभा होता. अंगात हाताने विणलेला स्वेटर, हातात कडीचा स्टीलचा डबा. त्याच्या खांद्यांवर पावसाचे थेंब होते, अगदी ताजे. बाहेर तर ऊन होतं.

मी उठून त्याच्यापाशी गेले. खरं सांगते, भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त होती.

“सूप न्यायला आलात?”

“हो,” तो पटकन म्हणाला. कुणीतरी विचारलं याचंच त्याला बरं वाटलं. “पाचच मिनिटं म्हणालेत. मुलगी तापाने फणफणलीय हो. दुसरं काही घेतच नाही.” मग माझ्याकडे नीट बघत त्याने विचारलं, “फार वेळ झाला का?”

याचं काय उत्तर द्यायचं असतं? लोकांच्या प्रश्नांवर माझं पोट चालतं.

“मुलगी बरी आहे,” शेवटी मी म्हटलं. “पण घरी तुमची वाट बघताहेत. चला तुम्ही.”

“रिकाम्या हाताने कसा जाऊ?” तो म्हणाला. “तिला काय सांगू?”

मी वळले तर सासूबाईंनी चमचा उचलला होता.

“आई, खाऊ नका.”

“अगं, चव तर बघते…”

चमचा ओठांपाशी पोचला होता. मी धावले, त्यांच्या हातातून चमचा काढून घेतला, ते भांडं उचललं आणि तशीच काउंटरपाशी आले. त्या माणसाच्या डब्याचं झाकण मीच उघडलं आणि सगळं सूप आत ओतलं. बोटं भाजली. झाकण लावून डबा त्याच्या हातात दिला.

“घ्या. झालं तुमचं सूप. निघा आता.”

कुजबुज थांबली. सगळ्या खोलीतली तोंडं आमच्याकडे वळली. त्या चेहऱ्यांवर राग नव्हता, हे मी आजही सांगू शकते. हेवा होता.

वेटर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. आवाज अगदी मऊ.

“ते ह्या बाईंचं सूप होतं.”

“असू दे. आम्हाला भूक नाही.”

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या हॉटेलात बोलले.

“हरकत नाही,” तो म्हणाला. “ह्यांच्यासाठी दुसरं करायला टाकतो…”

मी सासूबाईंचा हात धरला आणि दाराकडे पळाले. तो माणूस आमच्या पुढे निघून गेला होता. गल्लीत त्याचा डबा दिसत नव्हता, पण कडीचा खणखण आवाज ऐकू येत होता, पुढे पुढे, लांब लांब, धावत्या माणसाचा. मागचा पिवळा उजेड एकदम गेला. काळोखात कुठेतरी माझा पाय घसरला, सासूबाईंचा हात सुटला. मी चाचपडले. लगेच सापडला. पुन्हा पळालो.

वळणाशी चांभाराच्या गोंदाचा वास नाकात घुसला आणि मी अक्षरशः रडले. इतका सुंदर वास मी कधी घेतला नव्हता. मग पुठ्ठा, रॉकेल, बाहेरचा धूर, घाम. उन्हात उभ्या राहून आम्ही दोघी धापा टाकत हसत सुटलो. लोक वळून बघत होते. बघेनात का. आपण केवढं मोठं काम केलं असं मला वाटत होतं. एका माणसाला आपण सोडवलं, आणि तेही एका भांडंभर सुपाच्या जोरावर.

“चला,” मी म्हटलं, “आजींकडे जाऊ.” सासूबाईंनी मान हलवली.

शिंप्याच्या दुकानापाशी लोखंडी जिना होता. अर्ध्या जिन्यावरच मला वास आला. लसूण, मिरी, मासा. अस्सल, घट्ट, भूक खवळणारा. वर दार उघडंच होतं. ठेंगण्याशा आजी टेबलापाशी बसल्या होत्या. समोर डबा, दोन भांड्यांत काढलेलं सूप, त्याची वाफ. त्यांचा चेहरा असा फुलला होता की त्यांच्या सुरकुत्याही तरुण दिसत होत्या.

“आले बाई हे,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच ना पेपरातल्या? बसा, बसा. हे हात धुताहेत.”

आतल्या खोलीत नळ वाहत होता. मग तो बंद झाला. पावलं आली, आणि तो दारात उभा राहिला, तोच स्वेटर, टॉवेलने हात पुसत. आजींनी त्याच्याकडे बघितलं, तेव्हा मला वाटलं आपण इथे असायला नको, हा त्यांचा वेळ आहे.

तो माझ्याकडे बघून हसला. मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं. तो माझ्या बाजूला बघत होता, जिथे सासूबाई उभ्या होत्या. पण त्यांच्याकडे नाही. त्यांच्या आरपार.

“तुमच्याबरोबरच्या त्या बाई…” तो चाचरत म्हणाला. “त्या तिथेच थांबल्या का?”

सासूबाईंचा हात माझ्या हातात होता. उबदार. त्यांनी तो अलगद सोडवून घेतला आणि म्हणाल्या, “चल, उशीर होतोय.”

त्यानंतर मी त्या गल्लीत कितीदा गेले याची मोजदाद नाही. एकटीच जाते. चांभार आता मला ओळखतो. टोकाला भिंत आहे. मी तिच्यावर कान ठेवते, ओरडते, ‘आई’ म्हणून हाका मारते. शिंपी म्हणतो, वरती आता दोन माणसांची पावलं वाजतात, आणि आजी दिवसभर गुणगुणत असतात. मला आनंदच आहे. मनापासून आहे.

घरी सगळं ठीक आहे. माझा नवरा म्हणतो, आई पूर्वीपेक्षा शांत झालीय, एवढंच. तब्येत उत्तम, बोलणं तेच, विनोदही तेच. अजूनही मी नवीन जागी निघाले की त्या चपला घालून दारात हजर असतात.

आम्ही जाऊन बसतो. मी खिडकीकडे, त्या माझ्यासमोर. मी दोघींचं मागवते. आणि दर वेळी, हॉटेल कुठलंही असो, वेटर कुणीही असो, तो एक ताट माझ्यापुढे ठेवतो, आणि दुसरं सासूबाईंपुढे न ठेवता माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवतो, नीट, चमच्यासकट. त्या खुर्चीकडे बघून हलकेच मान लववतो, आणि जातो.

सासूबाई फक्त त्या खुर्चीकडे बघायचं टाळतात.