चार हातांचा तांबेरा

सकाळी सातला मुखरूभाऊंचा फोन आला. "मॅडम, लवकर या. प्रणितचा रोगट हरभरा कापून फेकाले निघाले लोक."

कृषी सहायक हर्षाने गाडी काढली. सिंदेवाहीकडच्या या गावात हरभऱ्यावर तांबेरा कुणी पाहिला नव्हता. यंदा प्रणित, गोकुळा अन् मुखरूभाऊ या तिघांच्या वावरांत पानांवर विटकरी भुकटी चढली. प्रणितने बाहेरचं बियाणं आणलं होतं. रोग त्याचाच, असं गावाने ठरवलं. तो विळेवाल्यांसमोर वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच, आडवा उभा होता.

हर्षाने दोन तास मागून घेतले.

प्रणितच्या वावरात रोग एकाच तुकड्यात होता. चार हात लांब, दोन हात रुंद. भोवतीचा हरभरा हिरवागार. गोकुळाच्या वावरातही तेवढाच तुकडा. मुखरूभाऊंच्याही.

"भाऊ, तुमचं बी कुठलं?"

"घरचं, जी."

"प्रणितच्या वावरात गेला होता?"

"पोटानं उठू देलं नाई मले. धुरपताबाईची आंब पेऊन राह्यलो."

कोनाड्यात आंबेची बाटली होती. गोकुळाकडेही तशीच निघाली, अन् प्रणितच्या आजारी मायच्या उशाशीही. पहाटेच्या दवात हरभऱ्यावर फडकं अंथरून आंबट पाणी पिळायचं, तीच आंब; ती पोटदुखीवर द्यायची. अख्ख्या गावात हे एकटी धुरपताबाई करी, तेही ज्याचं पोट दुखे त्याच्याच वावरात.

हर्षा तिच्या घरी गेली, तेव्हा फडकं दोरीवर वाळत होतं.

"धुता का हे, बाई?"

"धुतलं तं आंबेचा जोर जाते, पोरी."

"गावाबाहेर कुठे अंथरलं होतं?"

"संक्रांतीले लेकीच्या गावी. तिथला हरभरा तांबूस होता, पर दव लय."

धुरपताबाईला सोबत घेऊन हर्षा प्रणितच्या वावरात परतली अन् सगळ्यांसमोर फडकं रोगट तुकड्यावर पसरलं. काठाला काठ बसला.

"बियाण्यातून आला असता, तर मुखरूभाऊंच्या घरच्या बियाण्यावर दिसला नसता. वाऱ्याने आला असता, तर वावरभर सांडला असता. लेकीच्या गावची भुकटी या न धुतलेल्या कापडात बसून आली. जिथं अंथरलं, तिथं दवात रुजली."

विळे खाली झाले.

"म्हंजे मीच?" धुरपताबाईने विचारलं.

प्रणित पुढे आला. "आजी, मायच्या पोटाले तुमच्याच आंबेनं आराम पडला."

म्हातारीने फडकं उचलून त्याच्या हाती दिलं. "चूल पेटव. खळखळ उकळ हे."

मग शेजारी उभ्या माणसाचा विळा मागून घेतला, अन् त्या चार हातांच्या तुकड्यात ती वाकली.

तिचं कापून होईस्तोवर कोणीच हललं नाही.