उजव्या काळजाचा रायाजी

पटायचं नाही तुम्हाला. माझ्या बापालाही पटलं नव्हतं. तरी ऐका.

कोंढाळगडावर पहाट फुटली ती तोफांच्या धुरातून, आणि तटावरून खाली पाहावे तो शत्रूच्या राहुट्या चहूबाजूंनी अशा आवळून बसलेल्या, की गडावरून पाखरू उडाले तरी गोळी खाऊन पडावे. टाक्यांत चिखल उरला होता. कुमक डोंगरापलीकडे येऊन थांबलेली; पण तिला चोरवाट दाखवणार कोण? बाहेर जाण्याची मुभा फक्त मढ्यांना होती. नदीकाठी दहन करू देण्याचा शब्द शत्रूने दिला होता. मात्र तिरडी त्याचा हकीम तपाशी, आणि खांदेकरी मोजून परत गडात ढकलले जात.

"मग मी मरतो," आमचे मूळपुरुष रायाजी नाईक म्हणाले.

गडाचा जर्राह, दाऊदमियाँ, जखमा शिवता शिवता थांबला. "नाईक, काळजातून निघालेले रक्त काखेतून हातात उतरते. काखेत लिंबू घालून दंड आवळले, की मनगटातली नाडी मुकी. पण काळीज कशाने आवळू?"

रायाजींनी त्याचा तळवा आपल्या छातीच्या उजव्या अंगाला टेकवला.

"या खुदा! हे इकडे कसे?"

"चुकून आले असेल. आता कामाला येऊ दे."

शत्रूच्या चौकीवर हकिमाने तिरडीवरल्या रायाजींची दोन्ही मनगटे चाचपली. नाडी गप्प. मग डाव्या छातीला कान लावला. पांढऱ्या कापडाखाली रायाजींना श्वास घेता येईना, पापणी हलवता येईना. आणि उजवीकडे ते वैरी काळीज नगाऱ्यासारखे वाजतच राहिले. साऱ्या गडावर त्यांचा हुकूम न मानणारा तेवढा एकच शिपाई! हकिमाचा कान उजवीकडे सरकू लागला, तोच तिरडीमागून आलेल्या त्यांच्या पत्नी सगुणाबाई नेमक्या त्या अंगावर धाडकन कोसळल्या.

"अहो, मला टाकून कुठं निघालात! नाही सोडायची मी!"

शिपायांनी भाले रोखले, दंड धरून ओढले. बाई तसूभर हलेनात.

"उचला मुर्दा!" हकीम कान चोळत ओरडला.

नदीकाठी मढे उठले, मुंग्या आलेले हात झटकीत झाडीत पळाले. रिकामी चिता पेटवून खांदेकरी मोजून परतले. सांजेला कुमक चोरवाटेने आली आणि वेढा फुटला. सगुणाबाईंना दरबारातून सोन्याचे कडे मिळाले. रायाजींना जन्मभर बाईंची बोलणी.

"तेव्हापासून आमच्या घराण्यात पुरुषाचं काळीज उजवीकडंच. माझंसुद्धा!" मी छाती ठोकून सांगितले.

शेंगा सोलत बसलेली माझी थोरली बहीण उठली. तिने माझ्या उजव्या छातीवर तळवा ठेवला, थांबली, मग डावीकडे नेला.

"लबाडा! इकडंच आहे की रे, आणि आता तर पळत सुटलंय!"