पत्रिकेऐवजी एफआयआर

धुळ्याची बस पारोळ्याच्या स्टँडवर गचका देऊन थांबली आणि संघमित्राची पिशवी फाटली. ताईसाठी निवडून घेतलेली भरताची वांगी बसभर पांगली. "अहो, पाय उचला जरा!" म्हणत ती वाकली, तर समोरच्या सीटवरचा एक तरुण आधीच गुडघ्यांवर बसून वांगी गोळा करत होता.

"एवढी वांगी? घरी कुणाच्या हळदीचं जेवण आहे का?"

"नाही. ताई आणि मी, दोघीच खाणार."

"दोघीच?" त्याने एक वांगं स्वतःच्या बॅगेत टाकलं. "मग हे माझी मजुरी."

"भाजता येतं का पण?"

"नाही येत... शिकवा की."

संघमित्रा हसली, आणि इथेच सगळा घोटाळा झाला.

त्याचं नाव प्रशील. धुळ्याजवळच्या एका गावचा. शेतावर सोलर पंप बसवून द्यायचं काम करायचा. संघमित्रा जळगावात एका लॅबमध्ये कामाला होती आणि शनिवारी प्राचीताईकडे धुळ्याला जायची. त्यानंतर प्रशीललाही शनिवारी नेमकं जळगावात काम निघायला लागलं. कसलं काम, ते तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. थंडी होती. खिडकीची काच कधी नीट लागायची नाही, आणि वारा तिच्याकडे येऊ नये म्हणून तो आपला खांदा तिथे लावून बसायचा. तेवढ्यानेच तिचा जीव सुखावून जायचा.

शेवटी तिने ताईला सांगितलं. ताईचा पहिला प्रश्न : "पोलीस ठाणं कोणतं लागतं त्याला?"

या घरात पत्रिका कुणीच बघत नाही. पण ताईचा साखरपुडा झाला आणि मग कळलं, की नवरदेवाने नोकरी लावून देतो म्हणून चार घरं फसवली आहेत. लग्न मोडलं, ताई महिनाभर कुणाशी बोलली नाही. तेव्हापासून नात्यात कुणाचंही स्थळ आलं, की ताई पोलिसांची वेबसाईट उघडते. तिथे नाव टाकून भागत नाही. ठाणं निवडायचं, तारखा टाकायच्या आणि एकेक एफआयआर उघडून वाचायचा.

रविवारी दुपारी दोघी बहिणी वाचत बसल्या. कुणाची विहिरीवरची मोटार चोरीला गेलेली, कुणाचं बांधावरून वाजलेलं. संघमित्राला आधी गंमत वाटत होती. मग ताईने फोन पुढे केला. प्रशील मोतीलाल... गाव, वडिलांचं नाव, सगळं तेच. "लाकडी दांडक्याने मारहाण करून शिवीगाळ केली व जिवे ठार मारण्याची धमकी दिली."

"आता तूच ठरव," ताई म्हणाली.

आठवडाभर संघमित्रा त्याच्याशी फोनवर धड बोलली नाही. वारा अडवणारा तो खांदा आणि ते दांडकं, दोन्ही एकाच माणसाचं कसं असेल? विचारावं, तर तो खोटं बोलेल ही भीती. खोटं बोलला असता, तर तिला त्याला सोडावंच लागलं असतं.

शनिवारी धुळ्याच्या स्टँडवर चहा घेताना तोच म्हणाला, "घरी बोलणी व्हायच्या आधी एक सांगायचंय. कॉलेजात असताना माझ्यावर एक केस झाली होती—"

"माहीत आहे मला." तिचा आवाज चोरटा झाला. "वेबसाईटवर वाचलं."

प्रशीलने कप खाली ठेवला.

"रागावलास?"

"राग नाही... वाईट वाटलं. पोलिसांना विचारलंस, मला नाही विचारलंस."

संघमित्राच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं.

"क्रिकेटची मॅच होती," तो म्हणाला. "मी अंपायर. हितेंद्रला आउट दिलं, त्याने आईवरून शिवी दिली, आणि मी स्टंप उपटून त्याला मारला. मारला हे खरं. ते दांडकं म्हणजे तो स्टंप. पुढे कोर्टाच्या तारखांना आम्ही दोघं एकाच मोटारसायकलवर जायचो, पेट्रोल परवडेना म्हणून. तिथेच दोस्ती झाली. कोर्टात आपसात मिटलं, मी सुटलो... ते काही त्या एफआयआरमध्ये येत नाही. थांब, त्यालाच विचार."

त्याने स्पीकरवर फोन लावलासुद्धा. पलीकडून आवाज आला, "काय रे भो, आते कसानी तारीख शे?"

आता कसली तारीख आहे, असं तो विचारतोय हे ऐकून संघमित्राला रडता रडता हसू फुटलं. तिने हात पुढे करून फोन बंद केला.

"नको. आता तुलाच विचारणार मी."

"विचार."

"पुन्हा हात उचलशील कुणावर?"

"त्यानंतर नाही उचलला. पुढेही नाही."

"ताईसमोर हे सगळं असंच सांगशील? स्टंपसकट?"

"आत्ता चल."

"अजून एक..." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "माझ्याशी लग्न करशील?"

प्रशील मिस्कीलपणे म्हणाला, "याची चौकशी नाही केलीस कुठे?"

"नाही... तुलाच विचारतेय."

"मग ऐक. हो."

तो एवढ्या मोठ्याने म्हणाला, की चहावाल्यानेही वळून बघितलं.