दाजींची पसंती

ही गोष्ट ऐकीव नाही. ज्या कानांनी ऐकली ते माझेच आहेत, आणि त्याच कानांवर माझं पोट चालतं.

होम थिएटर बसवून द्यायचं माझं दुकान आहे. एकवीस वर्षं झाली. कुठला स्पीकर फाटलाय, कुठली तार सैल आहे, हे मी दारातून सांगतो. तेव्हा मला भास झाला असं कृपा करून कुणी म्हणू नका.

आणि रात्रबित्र काही नव्हती. रविवार होता, दुपारचे चार वाजले होते. खाली रस्त्यावर पोरं सायकली फिरवत होती.

जागा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं घर. वरच्या मजल्यावरची मागची खोली.

ती खोली दाजींची. दाजी म्हणजे ताईचे यजमान. चष्म्यांचं दुकान होतं त्यांचं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलायच्या आणि विचारायचं, "ही बरी, की ही?" लोक चटकन सांगायचे. स्वतः दाजींना मात्र जन्मात काही ठरवता आलं नाही. दुधाने तोंड कधी पोळलेलं नव्हतं, तरी ताक फुंकून पिणारा माणूस.

नऊ वर्षं ते होम थिएटर निवडत होते. खोली तयार झाली. भिंतींवर स्पीकर लागले. तारा ओढून झाल्या, प्रत्येक तारेच्या टोकाला दाजींच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. 'पुढचा डावा.' 'मागचा उजवा.' चिठ्ठीची लिहिलेली बाजू कायम बाहेर. लाकडी हातांच्या दोन खुर्च्याही आल्या. राहिल्या दोनच वस्तू. एक रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारं यंत्र. आणि एक डिस्क प्लेयर.

घोडं तिथेच अडलं.

दर रविवारी दुपारी दोघं माझ्या दुकानात यायची. ऐकायच्या खोलीत शेजारी शेजारी बसायची. मी एक रिसीव्हर लावायचो, मग दुसरा. मग प्लेयर बदलायचो. दाजी डोळे मिटून ऐकायचे. आवडलं नाही की बोटातली अंगठी खुर्चीच्या हातावर दोनदा वाजवायचे.

टक् टक्.

म्हणजे नको. हा कोरडा आहे. तो फार गोड बोलतो. पुढचं मॉडेल येऊ दे. पसंत पडेल तेव्हा एकदाच वाजवीन म्हणायचे. नऊ वर्षांत ते एकदाच काही वाजलं नाही. "दाजी, एवढ्या वेळात लोकांची लग्नं होऊन पोरं शाळेत जायला लागतात," मी म्हणायचो. ताई हसायची. तिला ते रविवार संपायची कधीच घाई नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

दाजी गेले ते दुकानातच. एका बाईंच्या डोळ्यापुढे काच धरून "ही बरी, की" एवढंच म्हणाले. दुसरी काच आलीच नाही. त्या बाई बराच वेळ तशाच थांबून होत्या, असं मागून कळलं.

तीन महिन्यांनी ताईचा फोन आला. म्हणाली, ती खोली पुरी करायचीय. दोन-दोन घेऊन ये, निवडून घेऊ. मला बरं वाटलं. ती जेवत नव्हती, कुणाकडे जात नव्हती. म्हटलं, चला, कशात तरी मन रमेल.

पहिल्या रविवारी दोन रिसीव्हर आणि दोन प्लेयर वर चढवले. आधी मोजणी करावी लागते. खुर्चीपाशी, कानाच्या उंचीवर एक छोटा माइक उभा करायचा. सगळ्यांनी बाहेर जायचं, दार ओढायचं. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून 'सूंऽऽ' असा आवाज सोडतो, माइक तो ऐकतो, आणि बाहेर माझ्या लॅपटॉपवर रेघ उमटते. प्रत्येक खुर्चीची वेगळी रेघ.

दार ओढलं. मोजणी सुरू केली.

पडद्यावर अक्षरं आली. 'खोलीत आवाज आहे. शांतता ठेवा.'

पंखा बंद होता. खिडकी बंद होती. ताई माझ्या शेजारी उभी होती. पुन्हा केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र नीट पार पडली.

डाव्या खुर्चीची रेघ जशी हवी तशी.

उजव्या खुर्चीची...

ती खाली झुकलेली होती.

इथे जरा समजावून सांगतो. रिकाम्या खुर्चीची आणि माणूस बसलेल्या खुर्चीची रेघ सारखी येत नाही. माणसाचं अंग, कपडे, केस बारीक आवाज पिऊन टाकतात. मागे एका गिऱ्हाइकाने मोजणीच्या वेळी खुर्चीत बसून राहायचा हट्ट धरला होता, तेव्हा रेघ अशीच झुकली होती. अगदी अशीच.

मी आत गेलो. खुर्ची रिकामी. गादीवर हात ठेवला, गार होती. माइक बदलला. शेवटी दोन खुर्च्यांची अदलाबदल केली, म्हटलं खुर्चीतच काही असेल. पण रेघ खुर्चीबरोबर गेली नाही. ती त्या जागेवरच झुकत राहिली.

ताईने विचारलं काय झालं. मी म्हटलं, माइक बिघडलाय. पाण्याचा ग्लास तिने उजव्या खुर्चीच्या हातावर ठेवला होता, तो तेवढा उचलून आपल्याकडे घेतला.

मग दाजींची आवडती डिस्क लावली, व्हायोलिनची. ताई डाव्या खुर्चीत बसली. मी त्यांच्याकडे पाठ करून, यंत्रं ठेवायच्या रॅकपाशी उभा होतो. "त्यांच्याकडे" असंच लिहून गेलो बघा. पहिला रिसीव्हर झाला. दुसरा लावला. मिनिटभर गेलं असेल...

टक् टक्.

मी वळलो. ताईने दोन्ही हातांनी ग्लास धरला होता. मांडीवर.

"हा कोरडा वाटतो," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी दुसरे आण."

 

असे सात रविवार गेले. प्रत्येक वेळी मी नवी जोडी वर चढवायचो. प्रत्येक वेळी उजवी रेघ झुकायची. आणि प्रत्येक वेळी, कधी पहिल्या मिनिटाला, कधी डिस्क संपता संपता, तेच टक् टक्. मी घाबरलो नव्हतो असं नाही. पण ताई जेवायला लागली होती. तिच्या तोंडावर तेज आलं होतं. रविवारी केस नीट विंचरून बसायची.

पाचव्या रविवारी मी लवकर पोचलो. दार उघडंच होतं. खोकं हातात घेऊन जिना चढत होतो, तेवढ्यात वरून ताईचा आवाज आला.

"अहो, मागच्या वेळचा इतका काही वाईट नव्हता."

मग शांतता...

"तुम्हाला तर मेलं कशातच राम वाटत नाही."

पुन्हा शांतता. आणि मग ती हसली. दाजी असताना दुकानात हसायची तशी.

मी पायरीवरच उभा राहिलो. हात भरून आले तरी खोकं खाली ठेवायचं सुचलं नाही. तिच्या दोन वाक्यांच्या मधे मी कान देऊन ऐकत होतो. या कानांना तिथे काहीही ऐकू आलं नाही.

त्या दिवशी ठरवलं, हे थांबवायला हवं. बहीण रिकाम्या खुर्चीशी बोलतेय, आणि मी तिला खोकी पुरवतोय. आणि खरं सांगू? त्यात माझा तोराही होता. नऊ वर्षं आणि वर पाच रविवार या माणसाने माझा माल नाकारला होता. म्हटलं, आता असं काही लावून देतो की दाजींना बोट उचलायला जागा राहणार नाही.

तसा संच जमवायला दोन आठवडे लागले. सातव्या रविवारी निघताना ताई खालपर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, पुढच्या वेळी एकदम वरच्या दर्जाचं आणतो.

ती फाटकाला धरून उभी होती. "फार चांगलं आणू नकोस," ती म्हणाली.

मला वाटलं, खर्चाला बिचकतेय. हसून निघालो.

आठव्या रविवारी माझ्याकडचा सगळ्यात उत्तम रिसीव्हर आणला. प्लेयर असा आणला, जो आता कुणी बनवतही नाही. नुसत्या मोजणीवर भागवलं नाही. सकाळपासून बसून एकेक स्पीकर कानाने जुळवला. एकवीस वर्षांत इतकं मन लावून मी कुणाचं काम केलेलं नाही.

डिस्क सुरू झाली. व्हायोलिनवाला समोर बसलाय असं वाटलं. गज तारेला टेकण्याआधी त्याने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

मी ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता.

"बंद कर," ती म्हणाली.

मी ऐकलं नाही. एवढं पूर्ण होऊ दे म्हणालो.

शेवटचा सूर विरला. खोली शांत झाली...

टक्.

मी दुसऱ्याची वाट पाहिली. ताईही पाहत होती.

दुसरं आलं नाही.

खालून सायकलची घंटी ऐकू आली. कितीतरी वेळाने ताई हलली. उजव्या खुर्चीकडे तिने नीट पाहिलं. मग हातातला ग्लास त्या खुर्चीच्या हातावर ठेवला, कुणाला न विचारता.

"तुला सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "फार चांगलं आणू नकोस."

ती खाली गेली. मी एकट्याने माइक उभा केला, दार ओढलं, मोजणी केली. एका फटक्यात झाली. खोलीत आवाज आहे वगैरे काही आलं नाही. दोन्ही रेघा सारख्या. दोन्ही खुर्च्या रिकाम्या.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. त्या जिन्यावर बसून मी लहान पोरासारखा रडलो. दाजी गेले तेव्हाही इतका रडलो नव्हतो.

ताई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिचं जेवण पुन्हा तुटलं. वरची खोली तिने लावून घेतली. मी जुने नाकारलेले रिसीव्हर परत नेऊन लावले. काही झालं नाही. मग एक युक्ती सुचली. तोच उत्तम संच ठेवायचा, पण मागच्या उजव्या स्पीकरची तार उलटी लावायची, लाल जागी काळी आणि काळ्या जागी लाल. आवाज पोकळ होतो. बाकी कुणाच्या लक्षात येणार नाही, पण दाजींना पहिल्या सुरात कळलं असतं, आणि ते गप्प बसले नसते.

उलटी लावली आणि तशीच ठेवली. ताईला काय ते सांगितलं. चार रविवार आम्ही दोघं भावंडं तो पोकळ आवाज ऐकत बसलो. ती डाव्या खुर्चीत, मी रॅकपाशी जमिनीवर. ग्लास उजव्या खुर्चीच्या हातावर. टक् टक् काही आलं नाही. चौथ्या रविवारी ताई म्हणाली, "राहू दे आता. बरं वाटलं असेल त्यांना. एकदाचं ठरवता आलं."

हे झालं तीन आठवड्यांपूर्वी. गेल्या रविवारी मी त्या तारा सरळ करायला म्हणून गेलो. ताई म्हणाली, चौथ्या रविवारनंतर तिने ते दार उघडलेलंच नाही. स्पीकर छताजवळ आहे. तिथवर हात पोचायला स्टूल लागतं, ते मी माझ्या गाडीतून नेतो. ताईने आयुष्यात कधी स्क्रू ड्रायव्हर हातात धरलेला नाही.

स्टुलावर चढलो. टॉर्च मारला...

तारा सरळ होत्या. लाल लालमध्ये, काळी काळ्यात. स्क्रू घट्ट पिळलेले. आणि दाजींची चिठ्ठी, जी मी घाईत आत मुडपून ठेवली होती, तिची लिहिलेली बाजू बाहेर केलेली.

मी खाली उतरलो. ताईने विचारलं, झालं का? मी हो म्हणालो.

तेव्हापासून मला झोप नाही. माणूस एकदाचा समाधानाने गेला होता. जन्मभर जे जमलं नाही ते जमवून गेला होता. त्याला एका तारेसाठी मीच परत उठवून आणलं का? आणि किती वेळा आणायचं? पण काल ताईला पाहिलं. मनगटातलं घड्याळ सैल होऊन कोपरापर्यंत सरकतं तिचं. मी सांगितलं तर ती लगेच वर जाऊन बसेल, हे मला माहीत आहे. म्हणून अजून सांगितलेलं नाही.

दाजींना मी नऊ वर्षं हसलो. उद्या रविवार आहे. स्टूल गाडीत ठेवलंय. एक तार उलटी लावायची की सरळच राहू द्यायची, एवढंही माझं ठरत नाहीये.