‘झालं’ म्हणेपर्यंत

आधीच सांगून ठेवतो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

आजवर कुणाचाच बसलेला नाही. माझ्या बायकोचाही नाही. आणि ती तर माझ्याशी लग्न करायला तयार झाली होती, म्हणजे तिचा कशावरही बसू शकतो.

माझ्या खोलीत आरशाशेजारी एक फोटो टांगलेला आहे. बोगद्यातून आगगाडी चालली आहे. वेगामुळे डबे पुसट झालेत. पण दोन खिडक्यांच्या आरपार पलीकडची भिंत दिसते. भिंतीत एक कोनाडा. आणि कोनाड्यात एक माणूस... ताठ, श्वास रोखून उभा.

तो माणूस मी.

आणि फोटोही मीच काढलेला आहे.

तिपाई नव्हती. टायमर नव्हता. कॅमेरा सगळा वेळ माझ्या हातात होता. फोटोतही तो माझ्याच हातात दिसतो.

हसा. हसून घ्या.

मी थापाड्या आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. फोटोत कोल्ह्याने डोळे मिटले म्हणून मी त्याला पुन्हा उभं राहायला लावलं, ही गोष्ट लोक अजून एकमेकांना सांगतात. बायको म्हणते, तो कोल्हा पेंढा भरलेला होता. असो.

ही गोष्ट मात्र शब्दन् शब्द खरी आहे.

रात्र नव्हती. भुतांना रात्रच लागते, असं तुम्हाला कुणी सांगितलं? ढगाळ दुपार होती. भरपेट जेवून निघालो होतो. सोबत माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ.

याचा बाजारपेठेत फोटो काढायचा धंदा, म्हणून सगळे त्याला ‘स्टुडिओ’ याच नावाने हाक मारतात. ओळखपत्रांचे फोटो काढण्यात त्याची हयात गेली. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की हा म्हणणार, “हलू नका.” मग बटण. मग, “झालं.” या दोन्हींच्या मधे लोक आवंढाही गिळत नाहीत. एका गृहस्थांच्या नाकावर माशी बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण ‘झालं’ ऐकल्याशिवाय त्यांनी हात वर केला नाही.

सुट्टी मिळाली की आम्ही दोघं कॅमेरे घेऊन भटकायचो. त्याला पक्ष्यांचं वेड, मला गाड्यांचं.

त्या दिवशी डोंगरातल्या जुन्या बोगद्यापाशी गेलो. एकच रूळ. भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर कोनाडे. आत काम करणाऱ्या गँगमन लोकांसाठी ते केलेले असतात. गाडी आली की त्यांनी कोनाड्यात शिरायचं, पाठ भिंतीला लावायची, गाडी गेली की बाहेर यायचं.

मी आत निघालो तसा स्टुडिओ ओरडला, “भाऊजी, तिकडे कुठे? इथून झकास दिसतंय!”

“तिथून कुठलंही शेंबडं पोर काढेल.”

“गाडीखाली आलात तर ताई माझी चामडी सोलेल हो!”

“तिला सांग, फोटो छान आलाय.”

तो हसला. मी आत गेलो.

तुम्ही असलं काही करू नका. गुन्हा आहे तो. आणि गुन्हा आहे एवढंच नाही...

आत ओलसर गारवा होता. छतातून पाणी ठिबकत होतं. बुटांखाली खडी करकरत होती. उजेडाचं तोंड मागे लहान होत गेलं. एक बरासा कोनाडा बघून मी आत शिरलो. पाठ टेकली. दगड गार, शेवाळलेला. कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि ठिबकणं थांबलं.

कमी झालं नाही. थांबलं... कुणीतरी नळ बंद करावा तसं.

मग रूळ गुणगुणायला लागले.

दिवा दिसला. वारा आला. इंजिन धडधडत पुढून गेलं आणि मी बटण दाबलं. एकदाच. कॅमेरा छातीशी घट्ट धरला. डबे नाकापासून तळहाताच्या अंतरावरून जात होते. एक गेला. दुसरा गेला. म्हटलं, आता शेवटचा येईल.

शेवटचा येईना.

डबे जातच राहिले. जातच राहिले. त्या मार्गावरची गाडी केवढीशी! प्लॅटफॉर्मवर उभी राहिली की निम्मा प्लॅटफॉर्म रिकामा. आणि इथे... संपायचं नावच नाही.

पायांत गोळे आले. एक बूट शेवाळावरून जरासा घसरला.

“हलू नका.”

अगदी कानामागे.

जीव भांड्यात पडला. म्हटलं, आला वाटतं माझ्या मागोमाग. “अरे, तू कधी आलास?”



मग डोक्यात उजेड पडायला लागला. एक म्हणजे, माझी पाठ भिंतीला होती. कानामागे नुसता दगड होता.

दुसरं म्हणजे, मेहुण्याने मला ‘भाऊजी’ लावल्याशिवाय एकही वाक्य कधी म्हटलेलं नाही. शिव्यासुद्धा तो भाऊजी म्हणून देतो.

मी डोळे तेवढे खिडक्यांकडे वळवले. आत दिवे लागलेले. माणसं बसलेली. कुणी बोलत नव्हतं, कुणी डुलक्या काढत नव्हतं. सगळी माझ्याकडे तोंड करून, पाठ ताठ, हात मांडीवर...

कुणाचीही पापणी लवत नव्हती.

अशी बसलेली माणसं मी मेहुण्याच्या स्टुलावर शेकडो पाहिली होती.

“किती वेळ?” मी कसंबसं विचारलं.

“झालं म्हणेपर्यंत.”

“कोण म्हणेपर्यंत?”

“फोटोवाले साहेब. म्हणाले, गाडी जाताना तुझा फोटो काढतो. पुढे उभा राहा. हलू नको.” आवाजात तक्रार नव्हती. उलट, सांगितलेलं काम चोख केल्याचा अभिमान होता. “आणखी जरा पुढे म्हणाले. राहिलो. गाडी आली. मी हललो नाही.”

“आणि साहेब?”

“त्यांचे बूट वाजले. पळत गेले बाहेर. पण झालं म्हटलं नाही त्यांनी... अजून.”

माझ्या हातातल्या कॅमेऱ्याची मलाच लाज वाटली.

“दमलात का?” आवाजाने विचारलं. फार मायेने. “मागे सरका. माझ्याशेजारी जागा आहे.”

आणि खरंच, माझी टाच मागे गेली. जिथे दगड होता तिथे आता काही नव्हतं. पाठीला गारवा लागला, भिंत नाही. पुढे गाडी, मागे... ते. पुढे पाऊल टाकलं तर चिंधड्या. मागे टाकलं तर काय, ते मला ठाऊक नाही. पण घरी बायकोला ‘अंधार पडायच्या आत येतो’ म्हणून निघालो होतो, आणि मागे सरकलेला माणूस अंधार पडायच्या आत येत नसतो, एवढं मला कळलं.

काय सुचलं कोण जाणे. मेहुण्याच्या सुरात, होता नव्हता तेवढा दम लावून मी ओरडलो,

“झालं!”

खिडक्याखिडक्यांतल्या सगळ्या माणसांनी एकदम पापण्या मिटल्या.

मग उघडल्या. कुणी नाक खाजवलं. कुणी खांदे पाडले. एक तान्हं मूल भोकाड पसरून रडायला लागलं... आणि शेवटचा डबा पुढून निघून गेला.

कानामागे एक लांबलचक श्वास सुटला. स्टुलावरून उठताना गिऱ्हाईक सोडतं ना, तसा. माझ्या खांद्याला घासून काहीतरी गार बाहेर पडलं. खडी करकरली. पावलं दूर गेली.

उजेडाच्या दिशेने नाही. आत.

सुटलो, म्हणून मी पाय उचलायला गेलो.

पाय उचलेना.

मान वळेना. बोटं कॅमेऱ्यावरून सुटेनात. पापणीसुद्धा लवेना. तेवढ्यात समोरच्या भिंतीच्या अंधारात...

खट्.

बटण दाबल्याचा आवाज.

त्याला ‘झालं’ म्हणणारा मी होतो. मला कोण म्हणणार होतं?

घाबरू नका. सुटलो म्हणून तर लिहितोय. बाहेर स्टुडिओ होता ना! मी अजून कसा येत नाही म्हणून तो बोगद्याच्या तोंडाशी आला, आणि सवयीने ओरडला, “झालं!” त्यासरशी हातपाय मोकळे झाले आणि मी धावत बाहेर. रोल त्याच्याच स्टुडिओत धुतला, आणि मी एकदाच दाबलेल्या त्या बटणाच्या जागी हा फोटो निघाला. समोरून कुणी काढला, का काढला, मला विचारू नका. कुणी माझ्यासमोर कॅमेरा धरला की मी आधी हात मागे नेऊन भिंत चाचपतो, एवढं खरं.

इथपर्यंत लिहून आज दुपारी मी ते घरात मोठ्याने वाचून दाखवलं. बायको मटार सोलत होती. पेंढा भरलेल्या कोल्ह्यापाशी ती खुदकन हसली. स्टुडिओ आता म्हातारा झालाय, कानात यंत्र घालतो. ऐकता ऐकता त्याने चहाचा कप खाली ठेवला.

“भाऊजी, शेवटचं तेवढं खोटं आहे.”

“काय खोटं?”

“तुम्ही आत गेल्यावर मी बोगद्याच्या तोंडाशी परत आलोच नव्हतो. वर कड्यावर ससाण्याच्या मागे होतो. खाली आलो तर तुम्ही बोगद्याबाहेर, रुळाच्या कडेला ताठ उभे. हाक मारली तर ओ नाही. हाताला धरून मोटारीत बसवलं मी तुम्हाला, आणि घरी ताईच्या ताब्यात दिलं.”

“अरे, पण तू ओरडलास ना...”

“नाही, भाऊजी. मी तुम्हाला ‘झालं’ म्हटलंच नाही. त्या दिवशीही नाही, आणि आजवर कधीच नाही.”